हरून जिंकलेले अजिंक्यपद? ओक्लाहोमा सिटीच्या बाजूने थोडे सविस्तर

नळस्टॉप

पालख्या रविवारी पुण्यातून पुढे गेल्या आणि सोमवारी, २३ जून २०२५ ला, पहाटे साडेपाच वाजता मी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेतला सातवा सामना पाहायला बसलो. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सना १०३-९१ असे हरवून मालिका ४-३ अशी जिंकली आणि मी आनंदात कामावर गेलो. दुपारी डबा खाताना या मंचावरचे ‘बाणेर बॅककोर्ट’ यांचे टिपण वाचले आणि घास घशात अडकला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की थंडरने हे अजिंक्यपद हरून मिळवले आहे. दोन वर्षे मुद्दाम सामने घालवायचे, त्या बदल्यात ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, जिथे तळाच्या संघांना आधी संधी मिळते) वरच्या क्रमांकाची मुले उचलायची आणि मग त्यालाच दूरदृष्टी म्हणून मिरवायचे. याउलट इंडियानाने एकही हंगाम न विकता अंतिम फेरी गाठली, म्हणून खरा संघ तोच. हे त्यांनी मत म्हणून मांडले असते तर मी सोडून दिले असते. त्यांनी ते वस्तुस्थिती म्हणून मांडले आहे आणि ते चूक आहे.

या संघाचा पाया २०१९ च्या जुलैत घातला गेला. आदल्या हंगामात थंडरने ४९ सामने जिंकले होते, म्हणजे हरण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. पॉल जॉर्जला लॉस एंजेलिसमध्ये क्वाय लेनर्डच्या जोडीने खेळायचे होते, म्हणून त्याने बदली मागितली. तिथल्या क्लिपर्स संघाला लेनर्ड हवा असेल तर जॉर्ज आणावाच लागणार, हे थंडरचे महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी ओळखले आणि गरजवंताला अक्कल नसते याचा पुरेपूर फायदा घेतला. जॉर्जच्या बदल्यात त्यांना शे गिल्जस-अलेक्झांडर मिळाला, डॅनिलो गॅलिनारी मिळाला, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी मिळाल्या आणि वर दोन वर्षी निवडींचा क्रम बदलून घेण्याचा हक्कही मिळाला. शे तेव्हा जेमतेम एक हंगाम खेळलेला, ११ व्या क्रमांकावर निवडला गेलेला मुलगा होता. पुढे तो २०२४-२५ च्या हंगामाचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम मालिकेचाही. सोमवारी त्याने २९ गुण केले आणि १२ वेळा दुसऱ्याकडून करवून घेतले. त्या पाच निवडींपैकी २०२२ ची निवड १२ व्या क्रमांकावर आली आणि तिच्यातून जेलन विल्यम्स आला, ज्याने पाचव्या सामन्यात ४० गुण केले. या दोघांपैकी एकासाठीही थंडरला एकही सामना हरावा लागलेला नाही.

आता उरलेले पाहू. लू डोर्टला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलेही नव्हते. आयझाया हार्टनश्टाइन तीन वर्षांच्या ८ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कहून आला. आयझाया जोला तर फिलाडेल्फियाने २०२२ च्या ऑक्टोबरात नारळ दिला होता, त्याला यांनी दारातून उचलून आत घेतले. मुख्य खेळाडूंमध्ये हरण्याची कमाई म्हणावी असा एकटा चेट होमग्रेन आहे, २०२२ च्या दुसऱ्या क्रमांकाचा. तिथेही थंडरची कामगिरी खालून चौथी होती. दुसरा क्रमांक ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीने दिला. त्याच्या आदल्या वर्षी २२-५० (२२ विजय, ५० पराभव) असे हरून काय मिळाले, तर सहावा क्रमांक. हरणे हीच जर युक्ती असेल, तर १०-७२ पर्यंत मजल मारणाऱ्या फिलाडेल्फियाच्या घरात आतापर्यंत दोन-तीन चषक असायला हवे होते. त्यांना एंबीड मिळाला, सिमन्स मिळाला, फुल्ट्झ मिळाला. दुसरी फेरी काही ओलांडता आली नाही.

बाणेर बॅककोर्ट

नळस्टॉपराव, आपण ओक्लाहोमाचे वकीलपत्र इतक्या तयारीने घेतले आहे, की तिकडच्या नागरिकांनाही संकोच वाटावा. आपले आकडे बरोबर आहेत. ते आपण कसे वेचून घेतले आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

२ डिसेंबर २०२१ ही तारीख आपल्या निवेदनात कुठेच नाही. त्या रात्री मेम्फिसने थंडरला १५२-७९ असे हरवले. ७३ गुणांचे अंतर. लीगच्या इतिहासात याहून मोठा पराभव नाही. २०२१ च्या मार्चमध्ये थंडरच्याच अल हॉरफर्डला, जो ठणठणीत होता आणि २८ सामन्यांत बरा खेळत होता, घरी बसायला सांगण्यात आले, कारण तो असला की चुकून सामने जिंकले जात होते. हे जर हरणे नसेल, तर हरणे कशाला म्हणायचे ते आपणच सांगा.

दुसरे असे, की २०२१ चा तो सहावा क्रमांक आपण ‘काय मिळाले’ म्हणून झटकून टाकलात. त्या क्रमांकावर जॉश गिडी निवडला गेला. त्याच गिडीला शिकागोला देऊन २०२४ च्या जूनमध्ये अलेक्स करुसो आणला. अंतिम मालिकेआधी डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्यांच्या निकोला योकिचच्या अंगाला गोचिडासारखा चिकटलेला, अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या आणि चौथ्या सामन्यात वीस-वीस गुण करणारा हाच तो करुसो. हरलेल्या हंगामाचे पैसे आपण बँकेत ठेवलेत, व्याजासकट काढलेत आणि आता खातेच नव्हते म्हणता.

इंडियानाकडे पाहा. हॅलिबर्टनसाठी त्यांनी सबोनिससारखा प्रस्थापित खेळाडू दिला, सियाकमसाठी निवडी दिल्या, आणि दरवर्षी तिकीट काढून येणाऱ्या माणसाला जिंकण्याचा प्रयत्न करणारा संघ दाखवला. सातव्या सामन्याच्या पहिल्या पावात, म्हणजे पहिल्या चतुर्थांशात, हॅलिबर्टनची टाचेची शीर तुटली नसती, तर तुमचा आनंद दुपारच्या डब्यापर्यंत टिकला नसता.

एक धाव कमी

आपण दोघेही २०१९ पासून सुरुवात करता, याचे मला आश्चर्य वाटते. हा संघ ओक्लाहोमाचा नाही. तो सिएटलचा होता. १९६७ पासून ४१ हंगाम तो तिथे खेळला, १९७९ साली अजिंक्य ठरला; २००६ साली ओक्लाहोमाच्या धनिकांनी तो ३५ कोटी डॉलरना विकत घेतला आणि २००८ साली शहराच्या हातावर साडेचार कोटी टेकवून उचलून नेला. नाव आणि रंग तेवढे मागे ठेवले, जसे घर रिकामे करताना खिळे ठेवतात. तेव्हा संघ कसा बांधला याची चर्चा करण्यापूर्वी तो कसा मिळवला याची चर्चा करावी.

हे दुःख पुणेकराला समजावून सांगावे लागू नये. २१ मे २०१७ च्या रात्री हैदराबादला आयपीएलच्या अंतिम सामन्यात आपला पुण्याचा संघ मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करताना १२८ वर थांबला. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, स्मिथ ५१ वर बाद झाला, आणि त्यानंतर त्या संघाने पुन्हा कधी मैदान पाहिले नाही. माझ्या मुलाने ती जांभळी जर्सी घालून झोपायचा हट्ट धरला होता. सकाळी तो मला म्हणाला, ‘बाबा, पुढच्या वर्षी,’ आणि पुढचे वर्ष नाही हे सांगण्याचा धीर मला आठ दिवस झाला नाही.

पेठेतला पंच

आपल्या चिरंजीवांबद्दल सहानुभूती आहे, पण तुलना तपासून घ्यावी. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी होती, म्हणून बदली संघ म्हणून राजकोट आणि पुणे यांना दोन वर्षांपुरतीच जागा मिळाली होती. ही मुदत पहिल्या दिवसापासून जाहीर होती. भाडेकरार संपला म्हणून घर सोडणाऱ्याने वडिलोपार्जित वाडा गेला असे म्हणू नये. त्यातून २०१६ साली दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले आणि आपला ‘घरचा’ संघ विशाखापट्टणमला खेळला. सिएटलच्या ४१ वर्षांशी याची बरोबरी करणे म्हणजे सिएटलचा अपमान आहे.

एक धाव कमी

भाडेकरूला घर आवडू नये, असा नियम कोणत्या पेठेत आहे? करार दोन वर्षांचा होता हे मला ठाऊक होते. सात वर्षांच्या मुलाला नव्हते. आणि त्याआधीच्या पुणे वॉरियर्सचे काय? तो संघ २०११ ते २०१३ खेळला, तो तर कोणाच्या बदली आलेला नव्हता. मालक आणि मंडळ भांडले, आणि शहराला कोणी विचारले नाही. सिएटलमध्येही नेमके हेच झाले. नव्या सभागृहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद झाला आणि संघ गेला. गहुंज्याच्या मैदानाच्या रस्त्यावर दोन-दोन तास अडकून सामने पाहिलेल्या माणसाला हे कळते. ज्याने घरी पंख्याखाली बसून सामने पाहिले त्याला कळणार नाही.

पेठेतला पंच

मी २०१२ साली गहुंज्याला तीन सामने पाहिले आहेत, तिन्ही वेळा आपला संघ हरला आहे आणि तिन्ही वेळा परतीची बस चुकली आहे. कृपया त्यागाची स्पर्धा लावू नये.

राखीव खेळाडू

क्रिकेटला जरा बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर येते. ‘बांधणी’ हा शब्द ऐकला की मला अजून पोटात खड्डा पडतो, आणि त्याचे कारण आकड्यांत सापडणार नाही.

मी इथल्याच एका महाविद्यालयाकडून बास्केटबॉल खेळले. पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे नवे प्रशिक्षक आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की यंदा आपल्याला काही जिंकता येणार नाही, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना खेळवायचे म्हणजे दोन वर्षांनी संघ तयार होईल. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. आम्ही चौघी शेवटच्या वर्षाच्या होतो. त्या हंगामात आम्ही बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या. संघ प्रत्येक सामना हरला. शेवटच्या सामन्यात मला चार मिनिटे मिळाली, तीही एक मुलगी पाचव्या फाउलवर बाहेर गेली म्हणून. पुढे दोन वर्षांनी तो संघ खरोखरच जिंकला, सत्कार झाला, फोटो आले. आम्हांला कोणी बोलावले नाही. तो चषक पाहून मला आनंद झाला नाही असे मी सगळ्यांना सांगत असे. थोडा झाला होता, हे आज कबूल करते.

म्हणून हॉरफर्डचे नाव वाचले की मला प्रेस्टींची हुशारी दिसत नाही, तो बाक दिसतो. अजिंक्यपद मिळाले की मधल्या वर्षांतली माणसे हिशेबातून गळतात. बाणेर बॅककोर्ट यांच्याशी माझे सहसा पटत नाही, त्यांची लिहिण्याची पद्धत मला उद्धट वाटते, पण या बाबतीत ते बरोबर आहेत.

बाणेर बॅककोर्ट

उद्धटपणाच्या उल्लेखासह पाठिंबा स्वीकारतो.

शिट्टी

बारा वर्षे शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवत आहे, म्हणून दोन शब्द. मुद्दाम हरणे म्हणजे काय ते मी स्वतः केलेले आहे, त्यामुळे दुसरे कोणी ते काय आहे हे मला शिकवू नये.

एका आंतरशालेय स्पर्धेत आमचा गटातला शेवटचा सामना होता. जिंकलो असतो तर उपांत्य फेरीत स्पर्धेतला सर्वांत तगडा संघ समोर आला असता. हरलो असतो तर तुलनेने सोपा. मी मुलांना काही बोललो नाही, फक्त दुसऱ्या सत्रात आमच्या सर्वांत उंच मुलाला आणि कर्णधाराला बाहेर बसवले. आम्ही हरलो. मुलांना सगळे कळले होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळते. दुसऱ्या दिवशी त्या सोप्या संघाकडूनही आम्ही हरलो, कारण मैदानात उतरलेली मुले आदल्या दिवशीची राहिली नव्हती. परतताना कर्णधार बसमध्ये माझ्या शेजारी बसला नाही.

आता माझा मुद्दा. ओक्लाहोमात असे झाले नाही. व्यवस्थापनाने कमकुवत संघ उतरवला हे खरे, पण उतरलेल्या मुलांना हरायला कोणी सांगितले नाही. मार्क डेग्नॉल्ट हे त्यांच्या दुय्यम संघाचे प्रशिक्षक होते, २०२० च्या नोव्हेंबरात मुख्य प्रशिक्षक झाले, पहिल्या हंगामात ७२ पैकी ५० सामने हरले, तरी त्यांना कोणी काढले नाही. त्या हंगामांत डोर्टला भरपूर वेळ मिळाला. ५५ व्या क्रमांकावर निवडलेला एरन विगिन्स पुढच्याच वर्षी येऊन खेळू लागला. जिंकणाऱ्या संघात ५५ व्या क्रमांकाच्या मुलाला कोण उभे करतो? हरणाऱ्या वर्षांनी त्यांना मोठा ड्राफ्ट क्रमांक दिला की नाही यावर आपण भांडत आहात. त्या वर्षांनी त्यांना खेळायला मिळालेली मिनिटे दिली, आणि बचावाची ती सवय दिली जी सोमवारी तिसऱ्या पावात दिसली. मध्यंतराला इंडियाना ४८-४७ असा एका गुणाने पुढे होता. तिसरा पाव थंडरने ३४-२० असा घेतला. माझ्या दृष्टीने बांधणी ती.

राखीव खेळाडूताई, तुमच्या प्रशिक्षकांनी चूक केली. नवीन मुलींना खेळवण्यात ती नव्हती. चार मुलींना चार मिनिटे द्यायची आणि तेही त्यांना आधी न सांगता, ही चूक. मी हे शिकायला एक कर्णधार गमावला.

राखीव खेळाडू

सांगितले होते, सर. पहिल्याच दिवशी सांगितले होते, मी वर लिहिले आहे. सांगितल्याने बाक मऊ होत नाही.

पेठेतला पंच

दोघांच्याही अनुभवाचा आदर ठेवून म्हणतो, की दोष माणसांचा नसून नियमाचा आहे. जो शेवटी त्याला पहिला घास, अशी पंगत मांडली की लोक शेवटी बसायला धडपडणारच. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच १४ टक्के संधी ठेवून लीगने हा रोग थोडा आटोक्यात आणला, बरा केला नाही. २०२३ साली डॅलसने शेवटच्या सामन्यांत खेळाडू बसवले, कारण निवड पहिल्या दहात राहिली नाही तर ती न्यूयॉर्कला जाणार होती. त्यांना साडेसात लाख डॉलर दंड झाला. निवड वाचली, दहावी आली, आणि त्यांनी ती सौद्यात कोणाला दिली? ओक्लाहोमाला. त्यातून केसन वॉलेस आला. म्हणजे थंडरने दुसऱ्याचे हरणेही वाया जाऊ दिले नाही.

आपल्याकडे प्रो कबड्डीत तळाला गेल्याचे असे बक्षीस नाही, तिथे लिलाव आहे. पुणेरी पलटण १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा अजिंक्य झाली, ती अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशा घरच्या घरी वाढवलेल्या मुलांवर. वर २ कोटी ३५ लाख मोजून इराणचा शादलू आणला. आदल्या हंगामात अंतिम सामना जयपूरविरुद्ध हरलो होतो, तरी संघ मोडला नाही. बांधणी करायला हरावे लागत नाही, याचे उदाहरण बालेवाडीत आहे. अमेरिकेत शोधू नये.

नळस्टॉप

पंचांनी कबड्डी आणली, आता कोणी खो-खो आणण्यापूर्वी उत्तर देतो.

गिडी आणि करुसो यांचा मुद्दा मला मान्य आहे. मी तो सोडला होता, मुद्दाम नव्हे, पण सोडला होता. २२-५० च्या हंगामातून करुसो आला असे म्हणता येते. हॉरफर्डचे समर्थन मी करणार नाही, राखीव खेळाडूताईंचे वाचल्यावर तर नाहीच. त्या ७३ गुणांच्या रात्रीबद्दल मात्र एक सांगतो: त्या सामन्यात शे जखमी होता, खेळत नव्हता, आणि तोच संघ अवघ्या तीन वर्षांनी ६८ सामने जिंकून, दर सामन्यात सरासरी १२.९ गुणांनी पुढे राहून, लीगचा विक्रम करतो, तेव्हा ती रात्र लाजेची म्हणून दाखवायची की प्रवासाची सुरुवात म्हणून, हे दाखवणाऱ्यावर आहे.

पण बाणेर बॅककोर्ट यांच्या इंडियानाच्या शुद्धतेबद्दल मात्र बोलावेच लागेल. २०२१-२२ च्या हंगामात याच इंडियानाने ५७ सामने गमावले. सबोनिसला त्याच हंगामाच्या मध्यावर विकले. हंगामाअखेर सहावा क्रमांक मिळाला, त्यावर बेनेडिक्ट मॅथरिन आला, आणि तिसऱ्या अंतिम सामन्यात बाकावरून उठून २७ गुण करून गेला. आता हे सोवळे कोणत्या पाण्याने धुतलेले आहे?

बाणेर बॅककोर्ट

एक वर्ष पडणे आणि दोन वर्षे झोपून राहणे यांत फरक आहे. सबोनिसला विकताना त्यांनी त्याच्या तोडीचा खेळाडू घेतला, निवडींचे गाठोडे घेतले नाही. आपल्याला हा फरक दिसत नसेल, तर नळस्टॉपच्या सिग्नललाही लाल-हिरवा सारखाच दिसत असणार, त्यामुळे तिथली वाहतूक तशी का आहे ते कळले.

नळस्टॉप

व्यक्तिगत टीका नको. विशेषतः बाणेरहून वाहतुकीवर नको.

एक धाव कमी

मी मगाशी सिएटलचे बोललो, तेव्हा विषयांतर म्हणून मला हाकलले गेले. आता विषयच बोलतो. पॉल जॉर्ज ओक्लाहोमात कुठून आला होता, हे या धाग्यात एकानेही लिहिले नाही.

तो २०१७ साली इंडियानाहून आला. त्याच्या बदल्यात थंडरने व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमंटास सबोनिस दिले. हे दोघे त्यांना २०१६ साली ओरलँडोकडून मिळाले होते, सर्ज इबाकाच्या बदल्यात. इबाका २००८ साली २४ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि ती निवड आली होती फिनिक्सकडून. २००७ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला पगाराचा बोजा कमी करायचा होता, म्हणून त्यांनी कर्ट थॉमस नावाचा पस्तिशीच्या घरातला खेळाडू आणि वर पहिल्या फेरीतल्या दोन निवडी एका संघाला अक्षरशः फुकट दिल्या. तो संघ सिएटल. प्रेस्टी तेव्हा सिएटलमध्ये नुकतेच रुजू झाले होते.

म्हणजे कर्ट थॉमसपासून इबाका, इबाकापासून सबोनिस, सबोनिसपासून जॉर्ज, जॉर्जपासून शे आणि जेलन विल्यम्स. आणि त्याच सबोनिसला पुढे इंडियानाने सॅक्रामेंटोला देऊन काय घेतले? हॅलिबर्टन. बाणेर बॅककोर्ट, आपला कष्टाळू संघ आणि नळस्टॉपरावांचा दूरदर्शी संघ ही एकाच घरातली चुलत भावंडे आहेत आणि ते घर सिएटलला होते. तिथल्या माणसाने सोमवारचा सामना कोणत्या मनाने पाहिला असेल? दोन्हीकडे आपलेच दागिने, दुसऱ्यांच्या अंगावर.

पेठेतला पंच

हे मला माहीत नव्हते. तपासले, बरोबर आहे. भाडेकराराबद्दलचे माझे विधान मी मागे घेत नाही, पण सिएटलबद्दलचे आवाज खाली आणून पुन्हा म्हणेन.

शिट्टी

उद्या सराव संपल्यावर मुलांना ही वंशावळ फळ्यावर काढून दाखवणार आहे. त्यांना आपली बदली शेजारच्या तुकडीत झाली तरी जगबुडी वाटते.

बाणेर बॅककोर्ट

एक धाव कमी, आपण वंशावळ चांगली काढलीत. पैठणचे गुरुजीही इतक्या पिढ्या सांगताना अडखळले असते. पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ही सगळी साखळी सौद्यांची आहे, हरण्याची एकही कडी तिच्यात नाही. मग २०२० नंतरची ती दोन वर्षे कशासाठी होती? शे आणि विल्यम्स हरल्याशिवाय मिळाले असे नळस्टॉपराव स्वतःच म्हणतात. म्हणजे ती वर्षे अनावश्यक होती, आणि अनावश्यक असूनही हॉरफर्डला घरी बसवले, हे अधिक वाईट.

नळस्टॉप

अनावश्यक नव्हती. होमग्रेनशिवाय हा संघ डेन्व्हरपुढेच गारद झाला असता, आणि करुसोशिवायही. दुसरा तर आपणच माझ्या पदरात घातलात. मी म्हणालो होतो की हरण्याची कमाई एकटा चेट. आता म्हणतो, चेट आणि करुसो. शे, विल्यम्स, डोर्ट, हार्टनश्टाइन, जो आणि डॅलसच्या कृपेने आलेला वॉलेस यांचा हरण्याशी संबंध नाही. ‘हरून मिळवलेले अजिंक्यपद’ हे शब्द आपण मागे घ्यावेत, एवढीच विनंती आहे.

बाणेर बॅककोर्ट

‘हरून’ हा शब्द मागे घेतो आणि त्याजागी ‘काही अंशी हरून’ असे लिहितो. यापेक्षा अधिक सवलत मी घरीही देत नाही. हॅलिबर्टन धडधाकट असता तर काय झाले असते, हे मात्र मी बोलत राहणार.

राखीव खेळाडू

बोलत राहा. सोमवारी पहिल्या पावात तो जमिनीवर हात आपटत होता तेव्हा मी आवाज बंद केला आणि उरलेला सामना तसाच पाहिला. बांधणी कोणाची चांगली, हे मला त्या वेळी सुचले नाही.

नळस्टॉप

मीही उठून चहा टाकला होता. तेवढे आपल्यात साम्य. हिशेब मिटला असे समजतो: होमग्रेन आणि करुसो बाणेरच्या खात्यात, उरलेले माझ्या. क्लिपर्सची २०२६ ची पहिली निवडही त्याच सौद्यात ओक्लाहोमाला मिळालेली आहे, तीही माझ्याच खात्यात धरावी.

एक धाव कमी

आणि १९७९ चे अजिंक्यपद? ते कोणाच्या खात्यात धरायचे ठरले?